कवटीतले दाणे आणि रक्तातली बुद्धी

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरक्षणाचा विषय निघाला की ‘बुद्धी मुळात रक्तातच असावी लागते’ हे वाक्य हमखास येते, आणि हल्ली त्याच्या जोडीला डीएनए चाचण्यांचे दाखलेही येऊ लागले आहेत. मी राहतो त्या जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये हाच वाद फ्रीडरिश टीडेमान (१७८१–१८६१) या शरीररचनाशास्त्रज्ञाने चक्क धान्य तोलून लढवला होता.

टीडेमान १८१६ पासून १८४९ पर्यंत इथे प्राध्यापक होते. गर्भावस्थेत मेंदू कसा घडत जातो यावरचे त्यांचे काम पायाभूत मानले जाते; पण मला महत्त्वाचा वाटतो तो १८३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलेला त्यांचा निबंध. निरनिराळ्या खंडांतील माणसांच्या कवट्या भरडधान्याच्या सुक्या दाण्यांनी भरायच्या आणि दाण्यांच्या वजनावरून मेंदूची जागा ठरवायची, अशी त्यांची रीत होती. आफ्रिकी आणि युरोपीय माणसांच्या मेंदूंत मूलभूत फरक नाही आणि आफ्रिकी माणसाला बुद्धीने कमी लेखायला शरीररचनेत आधार नाही, असे त्यांनी ठामपणे मांडले. अमेरिकेत गुलामगिरी कायदेशीर असताना हे लिहायला धैर्य हवे होते.

तरी या युक्तिवादाची बाजू लंगडी आहे. माणसाचा हक्क दाण्यांच्या वजनावर टांगला की दुसरा कुणीही आपला तराजू घेऊन येतो. तीनच वर्षांनी फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युअल मॉर्टन यांनी कवट्यांत बिया भरून नेमका उलट निष्कर्ष काढला. टीडेमान यांचे जावई टेओडोर बिशॉफ, तेही शरीररचनाशास्त्रज्ञच, मेंदूच्या वजनाचा हवाला देत स्त्रियांनी वैद्यकशास्त्राच्या वाटेला जाऊ नये असे सांगत राहिले. (सासऱ्यांनी काय म्हटले असते, कोण जाणे!) आपल्या इरावतीबाई कर्व्यांनाही १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये कवट्याच मोजाव्या लागल्या. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील विषमतेचा संबंध वंशाशी असावा, हा मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा कयास त्यांच्या मोजमापांत टिकला नाही, आणि बाईंनी तसे लिहिले. म्हणून फिशर यांचे काही अडले नाही. १९३३ मध्ये, नाझी राजवटीत, ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे कुलगुरू, झाले.

त्यामुळे ग्रुपवर डीएनएला डीएनएने उत्तर देण्यात मला हशील वाटत नाही. इथे चौथीनंतर मुलांची गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) आणि इतर शाळांत वाटणी होते. मुलाला गिम्नाझियमची शिफारस मिळाली नाही, तर आम्ही मराठी पालक घरी जर्मन बोलले जात नाही, शिक्षकांचा कल वेगळा असतो, अभ्यासाला कुणी वाटाड्या नसतो अशी कारणे देतो, आणि ती बहुधा खरीही असतात. रक्ताचा विषय तेव्हा कुणीच काढत नाही. मराठवाड्यातल्या वस्तीवरून पुण्याच्या महाविद्यालयात आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलीला हीच कारणे लावायची वेळ आली, की मात्र आमच्यातल्या पुष्कळांना गुणवत्ता आठवते.