पुढचा बाक रिकामा

‘नवीन आहात ना, मग गुपचूप मागे बसा’ असा सल्ला देणाऱ्याने ल्यूथरन चर्च आतून पाहिलेलं नसतं. मागचे बाक जुन्या मंडळींनी कधीच धरलेले असतात. मी वेळेच्या बराच आधी पोचलो, तरी मागे तीळ ठेवायला जागा नाही आणि पुढचा अख्खा बाक रिकामा. पुढे बसण्यातला धोका बसल्यावर कळतो. ज्यांचं बघून उठायचं-बसायचं, ते सगळे आपल्या पाठीमागे! पेपर समोर, आणि ज्याचं बघून लिहावं असा पुढे कोणीच नाही.

उपासना सुरू होते तीच पापांगीकाराने. ओळख ना पाळख, आणि विचाराने, शब्दाने, कृतीने आपण पाप केलं असं चारचौघांत मोठ्याने म्हणायचं. अहो, निदान श्वास तर घेऊ द्या! पण पुढचं त्याहून चमत्कारिक. पाळकांनी लगेच ख्रिस्ताच्या नावाने पापक्षमा जाहीर करून टाकली. अर्ज नाही, दंड नाही, ‘साहेब जेवायला गेलेत’ नाही. कुठल्याही कामासाठी चार खेटे घालायची सवय झालेल्या माणसाला असल्या झटपट निकालाचा संशयच येतो.

ज्याच्या नावाने हा पंथ चालतो, त्या सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाचं, मार्टिन ल्यूथरचं, दुखणं नेमकं उलटं होतं. मठात राहून त्याने उपास केले, जागरणं केली, कबुलीजबाब देऊन देऊन ऐकणाऱ्याला जेरीस आणलं, तरी देव आपल्याला स्वीकारेल याची खात्री काही होईना. शेवटी बायबलातली प्रेषित पौलाची पत्रं वाचताना त्याला उमगलं, की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो स्वतःच्या कमाईवर नाही. ख्रिस्तामुळे, निव्वळ कृपेने, विश्वासाच्या द्वारे. १५१७ च्या ३१ ऑक्टोबरला पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणाऱ्या दंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीवर ९५ मुद्दे काढणारा तो हाच. १५३० मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला सम्राटापुढे ल्यूथरच्या बाजूच्यांचा जो विश्वासनामा वाचला गेला, त्याच्या चौथ्या कलमात हीच गोष्ट आहे. थोडक्यात, ज्या परीक्षेच्या धास्तीने मी घामाघूम झालो होतो, ती इथे रद्द होऊन पाचशे वर्षं उलटली आहेत.

हे डोक्यात शिरलं, गुडघ्यांत शिरलं नाही. जुन्या करारातला पाठ बसून ऐकायचा, प्रेषिताचं पत्र बसून ऐकायचं, पण शुभवर्तमान वाचायची वेळ आली की उभं राहायचं, कारण त्यात स्वतः ख्रिस्ताची वचनं आणि कार्यं. विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं, तेही उभ्याने. प्रवचन बसून, हे मात्र कोणी न सांगता जमतं. त्यात गीतपुस्तकाची गंमत वेगळीच. पुढच्या भागात उपासनाविधी, तिथे पानांचे आकडे; मागे गीतं, तिथे गीतांचे आकडे. सगळी मंडळी स्तुती करत होती तेव्हा मी अंत्यविधी वाचत होतो.

तेवढ्यात उशिरा आलेल्या एक आजी नाइलाजाने माझ्या शेजारी टेकल्या. त्यांनी न बोलता माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, अंगठ्याला जीभ लावून भराभर पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “इथे आहोत आपण.” मग थोड्या वेळाने, “बसा आता.” आणि गीताच्या वेळी, “संपलं नाही अजून.” ते खरंच संपलं नव्हतं. मंडळीने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या तोंडाने गावं हा ल्यूथरचा आग्रह. त्याने स्वतः गीतं रचली, पुढे संगीतकार बाख याच परंपरेत वाढला. तेव्हा कडवी गाळायची सोय नाही.

त्या दिवशी एका तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होता. पाळकांनी त्याच्या टाळूवर पाणी ओतलं: पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. बाळाला पान कुठलं ते ठाऊक नव्हतं, उभं केव्हा राहायचं ते ठाऊक नव्हतं, विश्वासांगीकाराचा एक शब्द येत नव्हता. त्याने आपलं भोकाड पसरलं. तरीही तो देवाचं लेकरू म्हणून पास, तोही विनाअट! मला हेवा वाटला. कृपेचा सिद्धांत समजावून सांगायला पंडितांनी पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या; या पठ्ठ्याने तो दुपटं ओलं करून दाखवला.

प्रभुभोजनाच्या वेळी मात्र माझी छाती धडधडली. भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर दिलं जातं, नुसती आठवण नव्हे, यावर ल्यूथरन ठाम असतात. १५२९ मध्ये मारबुर्गला स्विस धर्मसुधारक झ्विंग्लीशी याच मुद्द्यावर वाद झाला तेव्हा ल्यूथरने म्हणे ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द खडूने टेबलावर लिहूनच ठेवले होते. अशा माणसाच्या पंगतीत न विचारता हात पुढे करायची आपली छाती नाही. काही मंडळ्या बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांना बोलावतात, काही आधी शिक्षण घ्यायला लावतात. पाळकांना अगोदर विचारलेलं बरं. आजींनी कोपराने ढोसलं. “हात छातीवर आडवे धरा, नुसता आशीर्वाद मिळतो.” मिळाला.

शेवटी ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’ हा बायबलातला अहरोनाचा आशीर्वाद झाला आणि मंडळी पांगायला लागली. मला राहवेना. म्हटलं, “आजी, सगळं जर फुकटच आहे, तर सत्कर्मं करायचीच कशाला?”

“देवाला नकोच आहेत तुमची सत्कर्मं,” आजी पर्स काखोटीला मारत म्हणाल्या. “शेजाऱ्याला हवीत. ते टेबल धरा बघू तिकडून, मला एकटीला उचलत नाही.”