फिट्झमसची चकली

दिवाळी चार दिवसांवर आली होती. २८ ऑक्टोबर २००५, शुक्रवार. ऑफिसात चकल्यांचं कारण सांगून सुट्टी टाकली. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण होतं फिट्झमस.

महिनाभर आम्ही काही बुशविरोधक मंडळी या शब्दावर जगत होतो. विशेष सरकारी वकील पॅट्रिक फिट्झगेराल्ड आणि ख्रिसमस यांची ही सोयरीक. ख्रिसमसला झाडाखाली खोकी, फिट्झमसला आरोपपत्रं. व्हॅलेरी प्लेम सीआयए या अमेरिकी हेरखात्यासाठी काम करतात हे पेपरवाल्यांकडे फोडलं कोणी, याचा तपास. म्हणून प्रकरणाचं नाव प्लेमगेट. अध्यक्ष बुशसाहेबांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांचं खोकं नक्की, अशी आम्हा भाविकांची श्रद्धा.

न्यू जर्सीत, एडिसनच्या आमच्या स्वयंपाकघरात बायकोने चकल्या पाडून ठेवल्या, तळणं माझ्याकडे दिलं आणि ती तूप आणायला गेली. कढईजवळून टीव्ही दिसत होता. शेजारी सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त.

"जावईबापू, हे गेट कुठल्या नदीवर?"

मी सांगितलं, १९७२ साली वॉटरगेट नावाच्या इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत चोर शिरले. त्यात दोन वर्षांनी अध्यक्ष निक्सन यांची खुर्ची गेली, गेट राहिलं. तेव्हापासून कुठल्याही लफड्याला ते शेपूट लागतं. इराणगेट, ट्रॅव्हलगेट... गंमत म्हणजे हे शेपूट वाटत सुटले निक्सनचेच जुने भाषणलेखक, विल्यम सफायर.

"म्हणजे पाण्याशी संबंध नाही?"

"इमारत पोटोमॅकच्या काठावर आहे, अण्णा."

तेवढ्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "कोयनेला ६ दरवाजे, जायकवाडीला २७. हे लोक जायकवाडीला मागे टाकणार!"

दुपारी फिट्झगेराल्ड आले. बेसबॉलच्या पंचाच्या डोळ्यांत कोणी वाळू फेकली तर त्याला काय दिसणार, असं काहीसं म्हणाले.

"धूळफेक," अण्णा म्हणाले. "एवढ्यासाठी वॉशिंग्टनला जायला नको."

मग खोकं उघडलं. एकच! उपाध्यक्ष चेनींचे उजवे हात, लुईस 'स्कूटर' लिबी. आरोप ५. रोव्ह नाहीत.

"या स्कूटरने नाव फोडलं होय?"

"तो आरोपच नाही, अण्णा. चौकशीत खोटं बोलले, खोटी शपथ घेतली, तपासात अडथळा आणला, एवढंच."

अण्णांनी नाक वर करून वास घेतला. मी कढईत पाहिलं. अख्खा घाणा कोळसा.

"आत्ता समजलं," ते म्हणाले. "चकली जाळली त्याला शिक्षा नाही. कोणी जाळली हे विचारल्यावर थाप मारली, तर आहे."

तेवढ्यात दाराशी किल्ली वाजली. मी झाऱ्या अण्णांच्या हातात दिला आणि सोफ्यावर जाऊन पेपर उघडला.

"गॅसजवळ कोण होतं?" आतून आवाज आला.

"आठवत नाही गं," मी म्हणालो.

अण्णा खोकले.