अठरा नावं रंगवा

रविवारी आमच्या शाळेत चॅम्पियन पोरांचा सत्कार झाला. जिल्ह्याचं शालेय फुटबॉल अजिंक्यपद घेऊन आलीत. हलगी, गुलाल, फटाक्यांची माळ, सगळं कोल्हापूरला शोभेल असंच. पाटाकडील आणि दिलबहार या दोन तालमींच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही असलं हे गाव. त्यात घरचीच पोरं जिंकलेली म्हटल्यावर पेठ गप्प बसतेय होय?

पण स्टेजवर काय बघितलं? पुढं पाहुण्यांच्या अकरा खुर्च्या (मोजल्या मी), मागं पोरं उभी. दीड तास. शाल-श्रीफळ पाहुण्यांनाच. मग माईकवरून "कर्णधार आणि त्याचे सहकारी" एवढं म्हणून एक फोटो. त्यातही ट्रॉफीला पोरांपेक्षा पाहुण्यांचेच हात जास्त.

मला टोचलं, कारण 1996 ला मीही असाच एक 'सहकारी' होतो. दुसरा गोलकीपर. अख्ख्या स्पर्धेत एक मिनिट खेळलो नाही. ऐन पावसाळा, मैदानाचा नुसता रबडा. मॅचआधी आमच्या कीपरला पन्नास बॉल मारायचे, हाफटाइमला त्याचे ग्लोव्हज पिळून द्यायचे, रात्री बुटांत पेपरचे बोळे कोंबून ठेवायचे, हे माझं काम. फायनल टायब्रेकरला गेली. समोरच्यांचा पाच नंबर पेनल्टी कायम कीपरच्या डाव्या हाताला मारतो, हे सेमीफायनल बघताना माझ्या ध्यानात आलेलं. कानात सांगितलं. आमचा गडी डावीकडंच झेपावला आणि बॉल त्याच्या कोपराला लागून बाहेर! शाळेच्या फलकावर नाव मात्र एकट्या कर्णधाराचं. त्याच्याबद्दल तक्रार नाही, लई भारी खेळायचा.

2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात आपला अनिकेत जाधव दिल्लीत भारताकडून खेळला. तेव्हा ही पोरं पहिली-दुसरीत असतील. ते बघूनच कित्येकांनी घरात बुटांसाठी हट्ट धरला असणार. पण अनिकेत एखादाच होतो. बाकीचे पुढं पोलीस भरतीची तयारी करतात, एमआयडीसीत लागतात, नाहीतर बापाच्या दुकानात बसतात. त्यांच्या वाट्याला हा एकच मोसम. तोही "सहकारी" या एका शब्दात गुंडाळायचा?

कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापक सरांना म्हटलं, "सर, फलकावर सगळ्यांची नावं घाला." सर म्हणाले, "जागा कुठाय?" काल पेंटरला घेऊनच गेलो. आताचं अक्षर चार इंची आहे. दीड इंची केलं आणि दोन रांगा पाडल्या की अठराच्या अठरा बसतात, वर कोच सर आणि मैदानावर फक्की मारणारे शिपाईमामाही. पैसे मी देतो.

फक्त पक्की यादी पाहिजे. सतरा नावं जमलीत. दुसरा गोलकीपर कोण होता, तेवढं कुणीतरी इनबॉक्समध्ये कळवा.