छळ होणार हे माहीत असताना पाठवायचं?

दहशतवादाचा संशय असलेल्या परदेशी माणसाला कोर्टाने परत पाठवू दिलं नाही अशी बातमी आली की खालच्या कॉमेंट्स ठरलेल्या, "विमानात बसवा आणि विषय संपवा". राग समजतो हो. पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या जॉर्डनच्या कट्टर धर्मोपदेशकाची, अबू कतादाची, केस जरा नीट बघा.

माणूस काही साधुसंत नव्हता, भयंकर भाषणं करायचा. जॉर्डनमध्ये दहशतवादी कटांच्या दोन खटल्यांत त्याच्या गैरहजेरीत त्याला शिक्षाही झाली होती. ब्रिटन त्याला पाठवायला वर्षानुवर्षं धडपडत होतं आणि २०१२ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाने अडवलं. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा छळ होईल म्हणून नाही, त्याबाबत जॉर्डनने दिलेली हमी कोर्टाने चालवून घेतली! अडलं ते दुसऱ्यांचा छळ करून मिळवलेल्या जबाबांवर तिथे पुन्हा खटला चालेल म्हणून. मग थेरेसा मे यांनी, त्या तेव्हा गृहमंत्री होत्या, असे जबाब वापरले जाऊ नयेत म्हणून जॉर्डनशी रीतसर करार केला, जुलै २०१३ मध्ये तो गेला, आणि पुढच्या वर्षी तिथल्याच कोर्टाने त्याला दोन्ही खटल्यांत पुरावा अपुरा म्हणून सोडलं. म्हणजे त्या जबाबांत दम किती होता ते कळलंच.

आता उलटं उदाहरण. माहेर अरार, कॅनडाचा इंजिनियर, जन्म सिरियातला. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर अमेरिकेने पकडला आणि कॅनडाला न पाठवता जॉर्डनमार्गे सिरियाच्या ताब्यात पोचवला, "छळ करणार नाही" अशी हमी सिरियाने दिलीय म्हणे! तिथे केबलने मारलं, कबरीएवढ्या कोठडीत महिनोन्महिने ठेवलं. २००६ मध्ये कॅनडाच्या चौकशी आयोगाने सांगितलं की याच्याविरुद्ध काहीच नाही. २००७ मध्ये माफी आणि १.०५ कोटी कॅनेडियन डॉलर भरपाई. ती कॅनडाने दिली, अमेरिकेने माफीसुद्धा नाही.

म्हणून १९८४ च्या छळविरोधी करारातलं कलम ३ मला पटतं, छळाचा धोका असेल तर पाठवायचं नाही, माणूस कितीही वाईट असो. अरारला पकडला तेव्हा तोही "संशयित"च होता ना.

आणि एवढा धोकादायक वाटतो तर स्वतःच्या कोर्टात खटला चालवा की! पण ब्रिटनमध्ये आपल्याच यंत्रणांनी टॅप केलेले फोन कोर्टात पुरावा म्हणून सहसा चालतच नाहीत, गुप्तचरांच्या पद्धती उघड होतील म्हणून. तो नियम बदला म्हणून ओरडणारे कमीच, ओरडायचं ते मानवी हक्कांच्या नावाने.