तासभर इंजिन लावलं, झालं चार्ज?

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत, म्हणजे लांबट, अरुंद बोटीत राहिलं की घरभाडं वाचतं म्हणे! मग दर हिवाळ्यात बॅटऱ्यांच्या नावाने खडे का फोडता? लेड-ॲसिड बॅटरी लोड नसताना 12.2 व्होल्ट दाखवते, म्हणजे निम्मी संपलीय. रोज त्याखाली नेलीत तर ती टिकणार कशी? डिसेंबरात सोलर पॅनल नुसतं शोभेला. इंजिन तासभर धडधडवायचं, की ‘झालं चार्ज’! अहो, पहिले 80 टक्के भरभर भरतात, शेवटचे 20 टक्के तासन्‌तास खातात. अमीटरचा (बॅटरीत जाणारा करंट दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा उतरून स्थिरावेपर्यंत थांबायला हवं. पण डिझेल जाळायचं जिवावर येतं, आणि रात्री आठ ते सकाळी आठ काठाला बांधलेल्या बोटीचं इंजिन लावायचं नाही, असा नियम. मग अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, अख्खा संच भंगारात. फ्रिज मात्र रात्रभर सुरूच!