एकाच यादीत सुहार्तो आणि मार्सिनाह

कॉलेजच्या ग्रुपवर सकाळी सकाळी इंडोनेशियाच्या जुन्या लष्करी हुकूमशहाचा, सुहार्तोचा, हसरा फोटो. खाली एका मित्राने लिहिलेलं, "देशाला असाच कडक माणूस लागतो." लगेच अंगठ्यांची रांग.

10 नोव्हेंबर 2025 ला इंडोनेशियाने सुहार्तोला राष्ट्रवीर ठरवलं, हे या मंडळींना आत्ता कळलंय. किताब देणारा कोण? राष्ट्राध्यक्ष प्रबोवो, सुहार्तोचा एकेकाळचा जावई. आणि त्याच दिवशी, त्याच यादीत मार्सिनाह! घड्याळाच्या कारखान्यातली मजूर पोरगी. मजुरीवाढीसाठी संपात उतरली आणि 1993 मध्ये तिचा छळ करून खून झाला. राज्य कोणाचं होतं तेव्हा? याच वीराचं. लाज नावाची गोष्ट असते की नाही?

मी सूतगिरणीच्या नोकरीत इंडोनेशियात बांडुंगला होतो. आमच्या हिशेबखात्यात एक चिनी वंशाची बाई होती, सगळे तिला 'चीची' म्हणायचे, म्हणजे ताई. जकार्तात ग्लोडोकला तिच्या वडिलांचं दुकान. मे 1998 च्या दंगलीत चिन्यांची दुकानं जळत होती, तेव्हा शेजारच्या हाजींनी रंगाचा डबा आणून यांच्या शटरवर लिहिलं, 'मिलिक प्रिबुमी'. भूमिपुत्राच्या मालकीचं. दुकान वाचलं, पुढची गल्ली नाही वाचली. जेवता जेवता तिने हे सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

"लोकशाही आली आणि तिथे धर्मवेडे सुटले," असं कोणी म्हणालं की मला ते शटर आठवतं. अरे, पेरलं कोणी? 1965-66 मध्ये कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसं मारली. त्यानंतर ज्याला धर्म नाही तो कम्युनिस्ट, असा हिशेब पक्का झाला. ओळखपत्रावर धर्माचा रकाना, आणि त्यात सरकारमान्य धर्मांपैकीच एक. चिन्यांनी नावं बदलायची, नववर्ष दार लावून साजरं करायचं. देशभक्तीचा दाखला सरकार देणार. 1998 मध्ये म्हातारा खुर्चीवरून गेला, रकाना राहिला. आता दाखला गर्दी मागते.

अहोकचं घ्या. चिनी, ख्रिश्चन, जकार्ताचा गव्हर्नर. 2016 मध्ये कुराणातल्या एका आयतीवरून काही बोलला, काटछाट केलेला व्हिडिओ फिरला, जकार्तातल्या मोनास स्मारकाच्या मैदानात लाखोंनी लोक जमले. 2017 मध्ये निवडणूक हरला आणि महिन्याच्या आत धर्मनिंदेसाठी दोन वर्षांची शिक्षा. कायदा कधीचा? 1965 चा! लोकशाहीने तो जपून ठेवला. वर कडी म्हणजे, अहोकने धर्मनिंदा केली असं जाहीर करणाऱ्या उलेमा मंडळाचे प्रमुख मारुफ अमीन 2019 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले, तेही राष्ट्राध्यक्ष जोकोवी यांच्याबरोबर, जे जकार्ताच्या कारभारात अहोकचे जुने जोडीदार.

हो, 1984 मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला तो सुहार्तोच्याच काळात. मान्य. आपल्याकडेही आणीबाणीत गाड्या वेळेवर धावल्या म्हणणारे काका आहेतच. आणि अहोकला 2005 मध्ये पूर्व बेलितुंगमध्ये निवडून दिलं ते मुस्लिमबहुल मतदारांनीच, हेही मान्य. शटर रंगवणारे हाजीही मुस्लिमच होते, तेव्हा या पोस्टखाली कोणी "ते लोक असेच" लिहू नये. ब्लॉक करीन.

त्या यादीत गुस दुरही आहेत, याचा मात्र मनापासून आनंद. मौलवी घराण्यातला माणूस, डोळ्यांनी अधू, राष्ट्राध्यक्ष झाला आणि 2000 मध्ये चिनी नववर्षावरची बंधनं उठवली. चीचीच्या दुकानात देवाशेजारी त्यांचा फोटो असतो. त्या वर्षी तिच्या वडिलांनी रस्त्यावर सिंहनृत्य पाहिलं आणि ढसाढसा रडले म्हणे.

हे लिहिताना राहवलं नाही, तिला मेसेज केला. सुहार्तोबद्दल काय वाटतं विचारलं. ते राहिलं बाजूला, तिने सांगितलं की 2024 मध्ये तिने मत प्रबोवोलाच दिलं. मी चक्रावलो. बाई, 1998 मध्ये कार्यकर्त्यांच्या अपहरणप्रकरणी सैन्यातून काढलेला माणूस तो! तिचं उत्तर आलं: "पूर्वी ती गर्दी त्याच्या बाजूने होती. आता तो खुर्चीवर आहे, तर त्याला गर्दी नको असणार. माझं दुकान उघडं राहील. तुम्ही इचलकरंजीत बसून बोलताय."

मी विचारलं, मग अहोकच्या वेळी खुर्चीवर मित्रच होता ना, काय उपयोग झाला? निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही. तिची भीती मला कळते. मत पटलेलं नाही, आणि तेही तिला लिहून टाकलंय.