अंदाज बरोबर होता, तरी माणसं गेली

पावसाळा लागला की नागपूरच्या घरच्या ग्रुपवर एक तक्रार ठरलेली: हवामान खातं पुन्हा चुकलं. रेड अलर्ट आला, कलेक्टर साहेबांनी शाळांना सुट्टी दिली आणि दिवसभर कडक ऊन पडलं. किंवा त्याच्या उलट, कोणी काही सांगितलं नाही अन् पहाटे घरात पाणी शिरलं. त्यानंतर मला उद्देशून एक वाक्य येतंच, 'तुमच्या जर्मनीत असं होत नसेल.'

होतं. मी राहतो त्या बॉनपासून आर नदीचं खोरं अगदी जवळ आहे. १४ जुलै २०२१ ला तिथे पूर आला. युरोपच्या पूरइशारा यंत्रणेने ऱ्हाईन खोऱ्याबद्दलच्या पहिल्या सूचना १० जुलैलाच दिल्या होत्या. जर्मन हवामान खात्यानेही अतिवृष्टीचा इशारा वेळेत दिला होता. पाऊस जवळपास सांगितल्यासारखाच पडला, आणि तरीही जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक आर खोऱ्यातली. आल्टेनार गावच्या पाणीपातळीच्या मोजणीत २०१६ चा ३.७१ मीटर हा विक्रम होता. त्या रात्री मोजमाप करणारं केंद्रच वाहून गेलं. १८०४ आणि १९१० मध्ये याच नदीने अनेक बळी घेतले होते, पण ते पूर धोक्याच्या हिशेबात धरलेच नव्हते.

तिथल्या झिंत्सिग गावात अपंगांच्या निवासात १२ जण बुडाले. पाणी मध्यरात्रीनंतर आलं, म्हणजे वरच्या गावांत हाहाकार उडाल्यावर कित्येक तासांनी. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, कारण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस काही तासांत कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, आणि बचाव पथकांनी मूकबधिर शाळेतल्या ४० मुलांना बाहेर काढलं. ती मुलं वाचली. शहरात इतरत्र चार जण गेले. भोंगा ऐकू न येणाऱ्या मुलांना पहाटे कोणी उठवायचं, हे लिहून ठेवलेलं असायला हवं.

या दोन पावसांची जात मात्र वेगळी होती आणि तुलना करताना ते विसरून चालणार नाही. जर्मनीतलं कमी दाबाचं क्षेत्र मोठं होतं. उंचावरचा पश्चिमी वाऱ्यांचा झोत मंदावला, आजूबाजूला जास्त दाबाची क्षेत्रं ठाण मांडून बसली, त्यामुळे ते पुढे सरकेना. दमट हवा आयफेलच्या डोंगरांवर चढत राहिली आणि आधीच भिजलेल्या जमिनीवर बरसत राहिली. एवढी मोठी प्रणाली संगणकाला चार दिवस आधी दिसते. विदर्भातली झडही साधारण अशीच दिसते: बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होतो, ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतो, आणि सर्वाधिक पाऊस त्याच्या केंद्राच्या नैऋत्येला पडतो. इथे खरी अडचण आहे. केंद्र शंभर किलोमीटर इकडेतिकडे झालं की नागपूरची झड चंद्रपूरला लागते. झड येणार हे बरोबर ठरतं, कुठे येणार ते हुकतं.

२३ सप्टेंबरसारखा रात्रीच्या गडगडाटी ढगांचा पाऊस तर आणखी अवघड. तो नेमका कोणत्या भागावर पडेल हे दोन दिवस आधी जगातला कोणताही संगणक सांगत नाही. त्याला रडारवर पाहून दोन-तीन तास आधीच गाठता येतं. आणि हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून असे पाऊस पुढेही येणारच.

म्हणून सुट्टीवरून होणारी थट्टा मला पटत नाही. आपल्याकडचा इशारा जिल्ह्याला असतो आणि त्यात 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलेलं असतं. उमरेडला धो-धो पडलं आणि धरमपेठ कोरडं राहिलं, तरी इशारा खरा ठरतो. इथे जर्मनीत फोनवर पावसाची शक्यता टक्क्यांत दिसते. ती एकाच अंदाजातून येत नाही. युरोपीय हवामान केंद्र सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ५१ वेळा गणित करतं आणि त्यातल्या किती वेळा पाऊस येतो ते पाहतं. भारतातही असे समूह-अंदाज २०१८ पासून २१ गणितांनी निघतात, आणि मे २०२५ मध्ये पुण्याच्या हवामान संस्थेने बनवलेली, ६ किलोमीटरच्या चौकटींत अंदाज देणारी भारत फोरकास्ट सिस्टिम आली. विज्ञान आपल्याकडे आहे. माझ्या आईच्या फोनपर्यंत मात्र फक्त रंग पोचतो. ६० टक्के म्हटलं तर लोकांना कळणार नाही, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. विदर्भातला शेतकरी पेरणीचा जुगार दर जूनमध्ये खेळतो, त्याला शक्यता शिकवायची गरज नाही.

आर खोऱ्यातल्या पुरानंतर जर्मनीने २०२३ मध्ये परिसरातले सगळे फोन एकदम वाजवणारी यंत्रणा सुरू केली. आपल्याकडेही त्याच वर्षी तशा चाचण्या झाल्या, फोन एकाच वेळी किंचाळले आणि लोक दचकले. ते दचकणं चालेल. नागपूर महापालिकेकडून मला आता दोन गोष्टी हव्या आहेत: अंबाझरी आणि गोरेवाडा तलावांची पाणीपातळी पावसाळ्यात दर तासाला सगळ्यांना दिसावी, आणि नाग व पिली नदीकाठची वसतिगृहं, रुग्णालयं आणि विशेष शाळा यांची यादी वॉर्डावॉर्डांत असावी, प्रत्येकासमोर रात्री दार वाजवणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर लिहून. मेअखेर, नवतपा म्हणजे उन्हाळ्याचे सर्वात तापते नऊ दिवस संपायच्या आत, ती यादी तपासून झालेली असावी.